रीस्टार्टकाका

दर सोसायटीत पाण्याच्या पंपाचं कळणारा एक माणूस असतो, लिफ्टवाल्याशी भांडू शकणारा एक असतो आणि कॉम्प्युटरचं कळणारा एक असतो. पहिल्या दोघांचे वार्षिक सभेत आभार मानले जातात. तिसऱ्याला पोह्यांवर भागवावं लागतं. डोंबिवलीच्या आमच्या सोसायटीत हे तिसरं पद रीस्टार्टकाकांकडे आहे. त्यासाठी निवडणूक झालेली नाही, मुदत ठरलेली नाही आणि राजीनामा द्यायची सोय नाही.

काका राष्ट्रीयीकृत बँकेतून निवृत्त झालेले. १९८४ साली रंगराजन समितीचा अहवाल आला, बँकांत यंत्रं येणार म्हणून हवा तापली, तेव्हा काका नोकरीत नवे होते आणि गेट मीटिंगला पहिल्या रांगेत उभे राहून संगणकाच्या नावानं घोषणा देत होते. पुढे शाखेत लेजर पोस्टिंग मशीन आलं. ते शिकायला कोणाला तरी पाठवणं भाग होतं, तर साहेबांनी ज्याचा आवाज सगळ्यात मोठा त्याचंच नाव पुढे केलं. काका कुरकुरत गेले आणि भक्त होऊन परतले. आवाज मात्र तसाच राहिला. ते कोणाकडे कॉम्प्युटर बघायला आले की खालच्या मजल्याला कळतं.

येताना त्यांच्याकडे कापडी पिशवी असते. तीत स्टार स्क्रू ड्रायव्हर, रंगकामाचा जुना ब्रश, दोन पेन ड्राइव्ह आणि शाळेतल्या मुलाचं असावं तसं एक पांढरं खोडरबर. डेस्कटॉप चालू होईना, नुसतं टीं टीं करू लागला, की काका रॅमची पट्टी काढून तिच्या सोनेरी दातांवर ते खोडरबर हलक्या हातानं फिरवतात, फुंकर न मारता ब्रशनं झटकतात आणि पट्टी पुन्हा ‘कट्’ होईपर्यंत दाबून बसवतात. बऱ्याचदा यंत्र उठून बसतं. घरातल्या इंजिनिअर मुलाचा चेहरा त्या वेळी बघण्यासारखा होतो.

पण ही शस्त्रक्रिया नंतरची. आधी चौकशी. काका खुर्चीवर बसतात, माउसला हातही लावत नाहीत आणि विचारतात, “शेवटचं काय केलं होतंत?”

“काहीच नाही हो. आपोआपच झालं.”

या उत्तरावर त्यांचा नोकरीपासूनचा अभ्यास आहे. ते वाद घालत नाहीत. “बरं,” म्हणतात आणि डाउनलोड्सचा फोल्डर उघडतात. तिथे सगळे कबुलीजबाब तारीखवार लावलेले असतात. मोफत कुंडली, पीडीएफचं वर्ड करणारी चार सॉफ्टवेअर, ‘तुमचा कॉम्प्युटर दुप्पट वेगवान करा’, आणि तोच वेगवान करणारा पुन्हा एकदा, कारण पहिल्यांदा वेग आला नाही. काका एकेक नाव मोठ्यानं वाचतात. घरातली माणसं एकमेकांकडे बघू लागतात. आजोबा पेपर जरा वर धरतात.

काकांना त्यांचं नाव ज्या उपायावरून पडलं, तो उपाय लोकांना फसवणूक वाटतो. “रोज रात्री बंद करतोच की आम्ही,” असं सांगितलं जातं. मग काकांना समजावून सांगायला स्फुरण चढतं. विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप नावाची सोय आली. ती चालू असली की ‘शट डाऊन’ केलं तरी विंडोजचा गाभा डिस्कवर जपून ठेवला जातो आणि सकाळी तोच, कालच्या दुखण्यांसकट, परत उचलला जातो. ‘रीस्टार्ट’ केलं तर सगळं पहिल्यापासून उभं राहतं. “शट डाऊन म्हणजे लोकलमधली डुलकी, वहिनी. रीस्टार्ट म्हणजे घरची झोप.” एवढं बोलून ते रीस्टार्टवर क्लिक करतात आणि चहाकडे वळतात. चहा संपेस्तोवर निम्मे आजार बरे झालेले असतात, पण घरच्यांना वाटतं की काकांनी काहीच केलं नाही.

त्यांचा खरा कस लागला तो दुसऱ्या मजल्यावर. वहिनींच्या जुन्या कॉम्प्युटरवर एकही वेबसाइट उघडेना. जिथे जावं तिथे ‘तुमचं कनेक्शन सुरक्षित नाही’ अशी लाल पाटी. घरात हाहाकार. त्यांच्या यजमानांनी राउटरची वायर उपटून कपाटात ठेवली, वहिनींनी माहेरच्या ग्रुपवर ‘आम्हाला हॅक केलंय’ असं टाकलं आणि पुण्याहून दिरांचा फोन आला की आधी एफडी मोडा. काका आले. चष्मा कपाळावरून नाकावर आणला आणि पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात खाली बोट ठेवलं.

“वहिनी, आज तारीख काय?”

कॉम्प्युटरच्या मते ते २००९ साल होतं. मदरबोर्डवर सीआर २०३२ नावाचा एक चपटा गोल सेल असतो. बटण बंद असताना घड्याळ त्याच्यावर चालतं. सेल मेला की तारीख मागे जाते. प्रत्येक सुरक्षित वेबसाइटच्या प्रमाणपत्राला मुदत असते, अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत. २००९ मध्ये बसलेल्या यंत्राच्या लेखी आजची प्रमाणपत्रं अजून जन्मालाच आलेली नाहीत, म्हणून ते सगळ्यांनाच तोतया ठरवतं. काकांनी स्टेशनजवळच्या घड्याळवाल्याकडून सेल आणवला, बसवला, तारीख दुरुस्त केली. खर्च वडापावच्या हिशेबातला. पुण्याचे दीर मात्र अजून भेटले की हळूच विचारतात, “मग, पैसे मिळाले का परत?”

सोसायटीच्या ऑफिसातलं दुखणं जुनाट आहे. जुनी इतिवृत्तं आणि थकबाकीदारांची यादी युनिकोडच्या आधीच्या एका मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेली. त्या फॉन्टांत इंग्रजी अक्षरांच्या जागीच मराठी आकार बसवलेले असत. त्यामुळे नव्या कॉम्प्युटरवर फॉन्ट नसला की पडद्यावर कंस, टिंबं आणि रोमन अक्षरांचा नुसता चिवडा दिसतो. थकबाकीदारांचं म्हणणं पडलं की यादी आहे तशीच जपावी. काकांनी ती युनिकोडमध्ये बदलून घेतली आणि मग चार संध्याकाळी बसून वाट चुकलेल्या ऱ्हस्व वेलांट्या आणि रफार हातानं जागेवर आणले. तेव्हापासून सेक्रेटरींनी इनस्क्रिप्ट कीबोर्ड शिकावा म्हणून ते मागे लागलेत. विंडोजमध्ये फुकट मिळतो, स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला, आठवड्यात बोटं बसतात. सेक्रेटरी ‘हो हो’ म्हणतात, रोमनमधून टाइप करतात आणि ‘पाणीपट्टी’ची ‘पानीपत्ती’ करून नोटीस लावतात. प्रिंट आलं नाही की त्याच नोटिशीला पुन्हा पुन्हा प्रिंटचं बटण दाबतात. काका येऊन प्रिंटची रांग सांभाळणारा स्पूलर थांबवतात, साठलेली रांग पुसतात, स्पूलर चालू करतात. यावर जास्त बोलण्यात अर्थ नाही.

सॉफ्टवेअर निवडताना काकांमधला कर्ज विभागातला माणूस जागा होतो. हे कोण देतंय? त्याचं पोट कशावर चालतं? आणि उद्या नको झालं तर सरळ निघेल का? या तीन प्रश्नांत जे नापास, ते त्यांच्या पेन ड्राइव्हवर चढत नाही. चढलेल्यांत व्हीएलसी आहे, जे पॅरिसमधल्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून १९९६ मध्ये सुरू झालं आणि जवळपास कुठलीही व्हिडिओ फाइल कुरकूर न करता चालवतं. सेव्हन-झिप आहे, लिब्रेऑफिस आहे. विनरार ४० दिवसांची मुदत संपल्यावरही वर्षानुवर्षं नम्रपणे पैसे मागत राहतं, आणि बँकेच्या माणसाला त्या वसुली खात्याची दया येते. रजिस्ट्री साफ करणाऱ्यांना त्यांच्या दारात प्रवेश नाही. “आधी फुकटात हजारो चुका दाखवतो आणि मग दुरुस्तीचे पैसे मागतो. असे एजंट आम्ही शाखेत बघितलेत.” अँटिव्हायरस विंडोजचाच पुरे, असं त्यांचं ठाम मत. वर आणखी एक बसवला तर विंडोजचा आपणहून रजेवर जातो.

काकांचा खरा शत्रू म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानातला पोरगा. त्याच्याकडे सर्व रोगांवर एकच औषध, “फॉरमॅट मारावा लागेल.” हे शब्द ऐकले की काकांच्या कानाच्या पाळ्या लाल होतात. “बॅकअप घेतलाय का विचारलं का त्यानं? नातवाच्या बारशाचे फोटो कुठायत विचारलं का?” ते चढ्या आवाजात विचारतात. दुकानदार पैसे घेतो म्हणून लोकांचा त्याच्यावर विश्वास, हा सल त्यांना आहे. काका स्वतः पैसे घेत नाहीत, त्यामुळे हमी मात्र तहहयात द्यावी लागते. एकदा त्यांनी यंत्राला हात लावला की पुढचं सगळं त्यांच्या खात्यावर. “काका, तुम्ही त्या दिवशी आलात ना, तेव्हापासून टीव्हीचा आवाज जरा बसलाय.”

सध्या त्यांच्याकडे सल्ल्याची रांग आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला आणि बिल्डिंगमधली बरीच यंत्रं विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. पहिल्या मजल्यावरच्या कुटुंबाला नवा लॅपटॉप घ्यायचा होता. जिन्यात, लिफ्टमध्ये, भाजीवाल्यासमोर, त्यांनी काकांना पिळून काढलं. काकांनी जुन्या पे-इन स्लिपच्या पाठीवर सुवाच्य अक्षरांत लिहून दिलं: रॅम १६ जीबी, निदान वाढवता येईल असा, एसएसडी ५१२, दुकानात कीबोर्डवर दोन ओळी टाइप करून बघा, ऑफर बघू नका. चिठ्ठी घरच्यांनी फ्रिजवर लावली.

रविवारी काकांना बोलावणं आलं. टेबलावर लॅपटॉप होता, शेजारी त्याच्याबरोबर फुकट मिळालेली बॅग, हेडफोन आणि एक इस्त्री. रॅम ८ जीबी, बोर्डावरच जोडलेला, वाढवायची सोय नाही.

“काका, भाच्यानं ऑनलाइन मागवला. सेलमध्ये होता. जरा सगळं चालू करून द्याल का? आणि आहे ना चांगला?”

काकांनी लॅपटॉप उलटा केला, सुलटा केला, झाकण उघडलं, मिटलं.

“रंग छान आहे,” ते म्हणाले.