पिकाचे फोटो तीन

२०२१ पासून पिकाचा पुरावा म्हणजे मोबाइलमधला फोटो. ई-पीक पाहणीत तो चढला की पीक सातबाऱ्यावर लागतं. नुसतं रानात डोलून भागत नाही. रब्बीच्या पाहणीला सहायक म्हणून मी सकाळी सातलाच बांधावर. धुक्यात अ‍ॅपला नेटवर्क सापडेना, मला मात्र 'ग्रामीण सौंदर्य' पावलोपावली सापडत होतं. म्हशीच्या पाठीवर बगळा, दवानं भिजलेलं बुजगावणं (अंगात कुणाचा तरी निवडणुकीतला टी-शर्ट), धूर सोडणारं गुऱ्हाळ. बारापर्यंत गॅलरीत ९४ फोटो. त्यात पिकाचे तीन, पैकी एकात माझा अंगठा.

पुढं ऊसतोड चालली होती. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. माणसं दोन, नाव अवजाराचं. बाई डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढत होती. काय फ्रेम! मी ओरडलो, "मावशी, जरा तशाच थांबा, चेहऱ्यावर ऊन येऊ द्या!"

"थांबते की," मोळी तोलत ती म्हणाली, "तोवर खालची मोळी तुम्ही आणा."

नेमकं तेव्हाच नेटवर्क आलं. मी घाईघाईनं हरभऱ्याकडे वळलो.