काचवाले आबा

मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग धुळ्यात एकमेकांना छेदतात. त्यामुळे उमेदवारीत ट्रकवर क्लीनर म्हणून राबलेली माणसं या भागात पैशाला पासरी. त्यातली काही पुढे ड्रायव्हर झाली, काहींनी ढाबे टाकले आणि एखादाच आबा झाला. आबा होणं म्हणजे शिकाऊ वैमानिकांच्या मैदानावर हेल्पर म्हणून चिकटणं आणि मग साहेबांपेक्षा साहेब होणं. खानदेशात गोंदूर, शिरपूर आणि जळगाव अशा तीन ठिकाणी ही छोटी विमानं घिरट्या घालतात. आमचे आबा यातल्या कुठल्या मैदानावर आहेत ते विचारू नका. शोधलंत तर तिन्हीकडे एकेक सापडेल.

वय साठीला टेकलेलं, डोक्यावर पांढरी टोपी, खांद्यावर रुमाल. हातात अंगठी नाही, घड्याळ नाही. सासऱ्यांनी लग्नात दिलेली अंगठी नोकरी लागली त्या आठवड्यात पेटीत गेली, ती कायमची. घरी त्यावरून महाभारत झालं, पण आबांनी कारण सांगितलं ते असं की, अंगठीने विमानाच्या काचेवर ओरखडा उठतो. आबांच्या बायकोला हे कारण आजही पटलेलं नाही.

मैदानावर आले तेव्हा काच पुसण्याच्या शास्त्रात आपल्याला कुणी काही शिकवू शकेल असं आबांना वाटत नव्हतं. रात्री पावसात वायपर बंद पडला तर काचेवर विडीची तंबाखू चोळायची, तंबाखू संपली असेल तर कांदा. धुळीला ओला पेपर, वंगणाला रॉकेल, आणि कशानेच गेलं नाही तर थुंकी आणि मनगटाचा जोर. एवढी विद्या घेऊन ते छोट्या सेस्ना विमानासमोर उभे राहिले आणि इंजिनिअर साहेबांनी पहिल्याच वाक्यात तिच्यावर पाणी ओतलं. ‘आबा, ही काच नाही, प्लास्टिक आहे.’

‘जळगावच्या चटईचं असतं तसं?’ आबांनी विचारलं.

‘चटई बरी. तिच्यावर चरे पडले तर कुणाचं काही अडत नाही.’

हे प्लास्टिक म्हणजे ॲक्रिलिक. वजनाला काचेच्या निम्म्याहूनही कमी, हवा तसा बाक देता येतो, म्हणून छोट्या विमानाला तेच लावतात. पण अंगाने फार हळवं. एप्रिल-मे महिन्यात खानदेशात जो फुफाटा उडतो, तो काचेवर बसलेला असताना कुणी कोरडं फडकं फिरवलं की पॉलिश पेपर फिरवल्यासारखे चरे पडतात. शिवाय कोरडं घासल्याने प्लास्टिकवर स्थिर वीज चढते आणि पुसलेली धूळ दुप्पट उत्साहाने परत येऊन बसते. संध्याकाळी पश्चिमेकडे तोंड करून उतरताना प्रत्येक चरा उन्हात पेटतो, समोर नुसता झगझगाट, आणि धावपट्टी दिसायला हवी तिथे दिसते आबांची कर्तबगारी. गोल गोल हात फिरवून पुसलं असेल तर विचारूच नका.

हे एकदा डोक्यात शिरल्यावर आबा जे बदलले, ते नव्याने माळ घातलेल्या वारकऱ्यालाही जमणार नाही.

परवाचीच गोष्ट. उड्डाणाआधी टाकीतलं पेट्रोल थोडं पारदर्शक कपात काढून बघतात, पाणी-कचरा आहे का म्हणून. विमानाचं हे पेट्रोल निळसर असतं. एका शिकाऊ पोराने कपातल्या त्या निळ्या पेट्रोलात रुमालाचं टोक बुडवलं आणि काचेवर चिकटलेल्या किड्याकडे हात नेला. पलीकडून आवाज आला, ‘ए भो, काय करी ऱ्हायना?’

पोरगा दिल्लीकडचा. त्याला शब्द कळले नाहीत, पण हात जागीच थांबला.

पेट्रोल, थिनर, ॲसिटोन, अल्कोहोल, घरातल्या आरशावर मारायचा अमोनियाचा फवारा यातलं काहीही लागलं की ॲक्रिलिकच्या अंगात केसासारख्या बारीक चिरांचं जाळं पसरतं. ते नंतर पुसून जात नाही, अख्खी काच बदलावी लागते. करोनात जो तो खिशात सॅनिटायझर घेऊन फिरायचा, तेव्हा आबांनी रात्रीची झोप गमावली होती, ती रोगाच्या भीतीने नव्हे.

मग त्या पोराची शिकवणी झाली. आधी बादलीभर स्वच्छ पाणी वरून खाली सोडायचं, धूळ आपल्या पायाने वाहून गेली पाहिजे. मग उघडा तळहात पाण्यासोबत हलकेच फिरवायचा. ‘हातले काय लागनं?’ आबा विचारतात. खडा लागला तर पुन्हा पाणी. मग सौम्य साबण, मग परत पाणी, आणि शेवटी मऊ सुती फडकं, तेही ओलसर, वर-खाली सरळ रेषेत. वाळलेल्या किड्यावर नख चालवायचं नाही. ओलं फडकं ठेवून तो आपणहून सुटेपर्यंत गप्प उभं राहायचं. हे गप्प उभं राहणं पोरांना सगळ्यात जड जातं.

आबांची फडकी पिशवीत गाठ मारून असतात. काचेचं फडकं वेगळं, पोटाखालच्या ऑइलचं वेगळं. काचेचं फडकं जमिनीला टेकलं की ते बाद, त्याची बढती पायपुसण्यात. खांद्यावरचा रुमाल विमानाला कधीच लागत नाही, तो फक्त आबांच्या घामाचा. ताडपत्रीसारखं जाड कव्हर काचेवर टाकू पाहणाऱ्यालाही ते हाकलतात, कारण वाऱ्याने कापड हललं की तेच घासतं.

ट्रकवरच्या सगळ्या विद्येतून एकच गोष्ट नव्या जगात पास झाली. काचेवर तेलाचा डाग असेल तर रॉकेलच्याच कुळातला एक द्रव मऊ फडक्याला किंचित लावून चालतो, मात्र लगेच साबण-पाण्याने धुवायचं. हे कळलं त्या दिवशी आबांनी सगळ्या हँगरला चहा पाजला.

घरी आता सुनेच्या चष्म्याला पदर लावायची बंदी आहे, कारण चष्म्याच्या काचाही हल्ली प्लास्टिकच्याच. नातवाच्या हेल्मेटच्या काचेवर आधी तांब्याभर पाणी. यात आबा शंभर टक्के बरोबर आहेत. सरपंचांच्या बोलेरोचा ड्रायव्हर कोरड्या फडक्याने समोरची काच पुसत होता, त्यालाही त्यांनी भर चौकात झापला. ती खरीच काच होती, पण आबांना कोण सांगणार?

तुमचं पोरगं किंवा पोरगी या मैदानांवर उडायला शिकत असेल आणि तुम्ही कौतुकाने विमान बघायला गेलात, तर एवढंच करा. काचेवर धूळ दिसली तरी हात खिशात ठेवा आणि आबांना हाक मारा. फारच हौस असेल तर बादली भरून द्या, तेवढं ते करू देतात.