बांधावरून धावणाऱ्यांविषयी

पावसाळ्यात पुण्यातील हौशी धावपटूंची मंडळे मावळ-मुळशीच्या भातशेतीतून ज्या रविवारच्या दौडी काढतात, त्यांत धावणे हे निमित्त असते आणि चिखल हे साध्य, हे प्रारंभीच नमूद केलेले बरे. ‘ट्रेल रन’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या प्रकारात डांबरी रस्ता टाळून पायवाटा, ओढे आणि शेते यांतून धावायचे असते. त्यासाठीच्या महागड्या बुटांच्या तळाला निसरड्यावर पकड मिळावी म्हणून रबरी दाते असतात, परंतु त्या दात्यांत मावळची चिकण माती एकदा ठासून बसली की दाते दिसेनासे होतात आणि बूट तेवढे जड होतात, याचा उल्लेख विक्रेता करीत नाही. चिखलात आपटलेला धावपटू उठण्यापूर्वी मनगटावरचे घड्याळ थांबवतो, कारण पडून राहिलेला वेळ सरासरी वेगात धरला जाणे त्याला मानवत नाही. हाडे शाबूत आहेत की नाहीत, याची तपासणी त्यानंतर होते.

या सामुदायिक वेडाचा इतिहास जुना आहे. एकाने कागदाचे कपटे टाकत ससा होऊन पुढे पळायचे आणि उरलेल्यांनी शिकारी कुत्रे होऊन माग काढायचा, हा खेळ एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधील शाळांत रूढ होता. तोच 1938 मध्ये क्वालालंपूर येथे ए. एस. गिस्पर्ट आणि त्यांच्या ब्रिटिश सहकाऱ्यांनी ‘हॅश हाउस हॅरिअर्स’ या नावाने पुन्हा मांडला. या मंडळाच्या 1950 च्या नोंदणीपत्रात शारीरिक तंदुरुस्ती, सुट्टीतील मद्याचा उतार आणि बिअरपुरती तहान लावून घेणे या उद्दिष्टांबरोबरच, वयस्क सभासदांना आपण वाटतो तितके म्हातारे नाही हे पटवून देणे, असेही एक उद्दिष्ट नोंदलेले आहे. पुणेरी शाखाविस्तारात बिअरची जागा मिसळीने घेतली असली तरी शेवटचे उद्दिष्ट अबाधित राहिले, आणि प्रस्तुत लेखकाचे सभासदत्व सर्वस्वी त्यावरच उभे आहे.

तथापि या दौडींचा खरा आधार जो बांध, त्याच्याविषयी कोणत्याही मंडळाच्या पत्रकात एक ओळही नसते, म्हणून येथे थोडे विषयांतर क्षम्य मानावे. बांध म्हणजे दोन खाचरांमधला, म्हणजे भाताच्या पाणी साठवणाऱ्या तुकड्यांमधला, मातीचा उंचवटा. परंतु ही व्याख्या बांधाचे सामर्थ्य सांगण्यास अपुरी आहे. तो दरवर्षी नांगराच्या फाळाने बोटभर कोरता येतो, आणि तसा तो कोरला गेला असल्याचा संशय सख्ख्या भावांचे बोलणे बंद करण्यास पुरतो. मोजणी येते, खुणा रोवल्या जातात, खुणा सरकतात, आणि वकिलाच्या मुलाचे शिक्षण पूर्ण होते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 143 नुसार बांधावरून जाण्या-येण्याच्या हक्काचा निवाडा तहसीलदाराने करायचा असतो. मात्र तो हक्क स्वतःच्या शेतात जाण्यासाठी असून, पोटऱ्या कमावण्यासाठी बांधावरून जाणाऱ्याचा विचार त्यात झालेला दिसत नाही. इंग्लंडमध्ये शेतांतून जाणाऱ्या सार्वजनिक पायवाटा अधिकृत नकाशांवर नोंदलेल्या असतात. मावळात मात्र भाऊबंदांनाही जेथून जाण्यासाठी अर्ज करावा लागतो, तेथून शहरी धावपटूंची रांग ‘राम राम’ एवढ्या भांडवलावर निघून जाते.

पत्रकात या सर्व परिसराला ‘निसर्ग’ म्हटलेले असते, आणि हा शब्द मात्र हसून सोडून देण्यासारखा नाही. खाचरातला चिखल पावसाने आपोआप होत नाही. साठलेल्या पाण्यात नांगर किंवा पॉवर टिलर फिरवून मातीची ढेकळे मोडावी लागतात, म्हणजे तळाशी पाणी न जिरू देणारा थर बसतो, आणि या कामाला चिखलणी म्हणतात. त्यानंतर आवणी, म्हणजे तरव्यातून उपटलेली रोपे ओणवे राहून एकेक लावण्याचे काम, जे बहुतांशी बायका करतात. बांध जेथे पायाखाली दबतो, तेथून रात्रीत पाणी निघून जाते आणि पाण्याबरोबर टाकलेले खतही जाते. एका आवणीत ओळीने वाकलेल्या बायकांपैकी एकीने कंबर सरळ करून, “दादा, कुणी मागं लागलंय का?” असे विचारले, तेव्हा तिच्या आवाजात थट्टा नव्हती, काळजी होती, आणि त्याच वेळी रांगेच्या शेवटी एक म्हातारे गृहस्थ ठशाठशावर ओली माती थापून अनवाणी टाचेने ती दाबत, काही न बोलता, धावपटूंच्या मागोमाग येत होते. मागे लागलेले खरे म्हणजे तेवढेच होते, परंतु त्यांना गाठायचे कोणालाच नव्हते.

दौड संपल्यावर इंद्रायणी तांदळाचा भाव विचारला जातो, तो जास्त वाटतो, आणि किलोमागे पाच रुपये कमी करून घेण्याचा आग्रह जे धरतात, त्यांच्या पायांत त्या वेळी तांदळाच्या दोन पोत्यांच्या किमतीचे बूट असतात. हे बूट शेतकऱ्याच्याच मोटारीच्या पाण्याने धुतले जातात. पोटरीवरचा चिखल मात्र मुद्दाम राखला जातो, कारण सोसायटीच्या लिफ्टमध्ये वरच्या मजल्यावरचे कोणीतरी भेटण्याची शक्यता असते. दात्यांत अडकलेली माती तेवढी काडीने कोरून तेथेच टाकली जाते, आणि या संपूर्ण उपक्रमात शेताला मिळणारी परतफेड ती हीच.