बारा पॉइंट सहा

बदलापूरच्या सोनिवलीतल्या आमच्या कॉम्प्लेक्समध्ये भाऊंना 'काय भाऊ, कसं काय?' विचारलं की ते 'बरं चाललंय' म्हणत नाहीत. 'बारा पॉइंट सहा' म्हणतात आणि पुढे जातात. नव्या भाडेकरूंना ते हिमोग्लोबिन वाटतं. एका गृहस्थांनी तर 'वयाच्या मानाने छानच आहे की' म्हणून वर बीट खायचा सल्लाही दिला होता. हा आकडा भाऊंचा नसून त्यांच्या गाडीच्या बॅटरीचा आहे, हे कळायला माणसाला इथे एक अख्खा पावसाळा काढावा लागतो.

गाडी साधीसुधी नाही, स्पोर्ट्स कार आहे. नव्वदच्या दशकाच्या शेवटी आपल्याकडे सॅन स्टॉर्म नावाची एक बुटकी, उघड्या टपाची गाडी निघाली होती. रेनॉचं इंजिन, फायबरग्लासची बॉडी. रस्त्यावर फारशी कुणी पाहिली नाही. ज्या काही थोड्या विकल्या गेल्या, त्यांतली एक फिरत फिरत निवृत्तीच्या पैशांसह भाऊंच्या पदरात पडली. सारी नोकरी बदलापूर लोकलने केलेला माणूस. तिघांच्या बाकावर चौथा म्हणून अर्ध्या मांडीवर टेकून हयात गेली. 'हिच्यात दोनच सीट आहेत,' असं ते सांगतात तेव्हा त्यात वेगाचा अभिमान नसतो. 'चौथी सीट द्या' म्हणायला कुणी येणार नाही, ही खात्री असते.

आता बदलापुरात अशी गाडी चालवायची कुठे? ती इतकी बुटकी, की कॉम्प्लेक्सच्या फाटकातला गतिरोधकसुद्धा तिला तिरका घ्यावा लागतो. दिवाळीनंतर कधीतरी रविवारी सकाळी भाऊ ती बारवी धरणाच्या रस्त्याला घालतात. शेजारच्या सीटवर वहिनी असतात, त्यांच्या मांडीवर पिशवी, पिशवीत टूलकिट. तासाभरात दोघं परत. मग गाडी पुसणं, आणि पुसून झालं की मोजणं.

उन्हाळा संपला की गाडी बसते. भाऊंचं वेळापत्रक पंचांगावर चालतं. आषाढीला देव झोपतात, त्या दिवशी गाडीवर कव्हर चढतं आणि चार्जर लागतो. कार्तिकीला देव उठतात, तेव्हा कव्हर उतरतं. 'आमच्या गाडीचा चातुर्मास' असं ते स्वतःच म्हणतात. फरक एवढाच, की या चार महिन्यांत देवाकडे त्यांचं जितकं लक्ष असतं, त्याच्या चौपट गाडीकडे असतं.

ही कल्पना आली पुतण्याकडून. तो जर्मनीत असतो. तिकडे हौसेच्या गाड्यांच्या नंबरप्लेटवर महिनेच छापून घेता येतात. एप्रिल ते ऑक्टोबर अशी पाटी असेल, तर नोव्हेंबरात ती गाडी रस्त्यावर आणायची नाही. थंडीभर ती गॅरेजमध्ये, चार्जरला टोचलेली. पुतण्याने सुट्टीवर येताना भाऊंना तसाच एक चार्जर आणून दिला. त्याआधी भाऊंकडे जो होता, तो दुकानदाराच्या भाषेत 'यूएसए'चा होता, म्हणजे उल्हासनगरचा. त्याला थांबणं माहीतच नव्हतं. बॅटरी भरली तरी तो करंट ढकलत राहायचा आणि आतलं पाणी आटवायचा. नवा चार्जर शहाणा आहे. बॅटरी भरली की साडेतेरा व्होल्टच्या आसपास नुसता हात लावून बसतो, गळेल तेवढंच भरतो.

'पण भाऊ, आपल्याकडे कुठे बर्फ पडतो?' असं मी एकदा विचारलं. ती संध्याकाळ माझ्या हाती लागली नाही. भाऊंचं म्हणणं असं, की थंडीने गाडी सुरू व्हायला कुरकुरते हे खरं, पण उभ्या बॅटरीचं खरं वाटोळं उकाडा करतो. बॅटरी नुसती ठेवून दिली तरी आपली आपण उतरते, आणि तापमान दहा अंशांनी वाढलं की हे उतरणं साधारण दुप्पट होतं. उतरलेली तशीच ठेवली की आतल्या प्लेटांवर सल्फेटचे खडे धरतात आणि मग ती कितीही चार्ज केली तरी पूर्वीसारखी होत नाही. 'जर्मनांचं काय हो,' भाऊ म्हणाले, 'त्यांची बॅटरी फ्रिजमध्ये झोपते. आपली बदलापुरात.'

'मग काळी वायर सोडवून ठेवा की!' असं कुणी सुचवलं की भाऊ दुखावतात. कारण गाडीत त्यांनी हौसेने अलार्म बसवून घेतलाय. तो दिवसरात्र तीस मिलिअँपिअर खातो. ऐकायला किरकोळ, पण भाऊंनी हिशेब करून ठेवलाय: दिवसाला पाऊण अँपिअर-तासाच्या आसपास, महिन्याला एकवीस-बावीस. बॅटरी पस्तीसची, म्हणजे महिन्यात अर्ध्याहून जास्त फस्त. तेव्हा अलार्म गाडीची राखण करतो, चार्जर अलार्मला पोसतो आणि चार्जरची राखण भाऊ स्वतः करतात.

रोज सकाळी साडेसहाला भाऊ बी विंगच्या पार्किंगमध्ये हजर. चार्जर रात्रीच काढून ठेवलेला असतो, कारण तो लावलेला असताना मीटर जे दाखवतो ते खोटं, बॅटरी चार तास निवांत राहिली की मग खरं बोलते. कव्हर पुढून सरकवून बॉनेट उघडायचं, लाल पिन लालला, काळी काळ्याला, चष्मा कपाळावर आणि मल्टिमीटर नाकाजवळ. मग आकडा वहीत. तारीख, व्होल्ट, पाऊस आणि शेरा असे रकाने आखलेले आहेत. १२.६ ला शेरा 'समाधानकारक'. १२.४ म्हणजे पाऊण भरलेली, तिथे 'लक्ष ठेवणे'. १२.२ म्हणजे अर्धी, तिथे वहिनींना त्या दिवशी नाश्ता करावा लागत नाही. आणि बारावर आली की? 'की बारा वाजले,' भाऊ म्हणतात. हा विनोद ते दर वर्षी करतात आणि दर वर्षी त्यांना तो नव्याने सुचलेला असतो.

सोसायटीशी त्यांचं एकदाच वाजलं. चार्जरची वायर पार्किंगच्या कॉमन मीटरवर आहे, हे सेक्रेटरींच्या लक्षात आलं आणि वार्षिक सभेत विषय निघाला. भाऊ म्हणाले, 'चार्जर फक्त मेंटेनन्सवर आहे.' सेक्रेटरी म्हणाले, 'मेंटेनन्स भरलाय का त्याचा?' टाळ्या पडल्या. भाऊंनी शांतपणे वही काढली. पाच वॅट, चोवीस तास लावला असं समजून, महिन्याला साडेतीन युनिटच्या वर थोडं, दहा रुपये युनिट धरा, चार महिन्यांचे एकशे चव्वेचाळीस. त्यांनी एकशे एक्कावन्न रुपयांचं पाकीट टेबलावर ठेवलं, वर चिकटवलेल्या रुपयासकट. सोसायटीने 'देणगी' अशी पावती फाडली. ती भाऊंनी गाडीच्या कागदपत्रांत आरसी आणि पीयूसीच्या मध्ये लावली आहे.

पावसात वीज जाणं हे बदलापूरकराला नवं नाही. कुठेतरी फांदी पडते आणि तीन तास अंधार. तीन तासांनी बॅटरीला काडीचाही फरक पडत नाही, हे भाऊंना पक्कं ठाऊक आहे. तरी ते घरच्या इन्व्हर्टरवरून खाली वायर सोडतात. एक बॅटरी उतरवून दुसरी बॅटरी भरायची. वर पंखा बंद. 'मला पण एक चार्जर आणायला सांगा पुतण्याला,' असं वहिनी म्हणाल्याचं अख्ख्या विंगने ऐकलं आहे.

आणि उल्हास नदी वाढल्याचा मेसेज आला की दहा किलोची बॅटरी हातात घेऊन भाऊ तीन जिने चढतात. २७ जुलै २०१९ ला बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली आणि हजाराच्या वर माणसं बाहेर काढावी लागली, तेव्हापासून नदीच्या बाबतीत भाऊ थट्टा ऐकून घेत नाहीत. गाडी मात्र खालीच. घरात बॅटरी पाटावर बसते. जमिनीवर ठेवली की उतरते, ही समजूत जुन्या लाकडी-रबरी पेट्यांच्या काळातली, आताच्या प्लॅस्टिकला ती लागू नाही, हे भाऊच समजावून सांगतात. सांगताना पाट सरळ करतात. देवघरापासून ती लांब हवी, कारण चार्ज होताना हायड्रोजन सुटतो आणि समोर समई. हा वाद त्या घरात सुटलेला नाही. दसऱ्याला मात्र तह होतो. सगळ्यांच्या गाड्यांना झेंडूची माळ, भाऊंची गाडी कव्हरखाली. म्हणून वहिनी चार्जरला माळ घालतात आणि मल्टिमीटरला हळदकुंकू लावतात. काळ्या पिनेचं कुंकू कार्तिकीपर्यंत टिकतं.

सी विंगचे एक सद्गृहस्थ गाडी बाहेर न काढता रोज पाच मिनिटं सुरू करून ठेवायचे. आत एसी, गाणी आणि पेपर. भाऊ त्यांना सांगून थकले, की उभ्या गाडीत पाच मिनिटांनी बॅटरीत जेमतेम काही पडतं, एसी आणि गाणी लावलीत तर तेही नाही, आणि इंजिन नीट तापत नसल्यामुळे सायलेन्सरमध्ये पाणी साठून तो सडतो तो वेगळाच. सद्गृहस्थ हसायचे. 'भाऊ, माझी निदान सुरू तरी होते!'

गणपतीला कोकणात जायला निघालेल्या त्यांच्या गाडीने पहाटे चारला नुसतं 'टक्' केलं. आत मुलं, टपावर बॅगा, पुढे घाट. वॉचमन भाऊंना उठवायला वर गेला, तर भाऊ जंपरच्या वायरी घेऊन जिना उतरत होते. चातुर्मासात प्रथमच कव्हर पूर्ण निघालं. भाऊ चकार शब्द बोलले नाहीत. लाल चिमटा आधी मेलेल्या बॅटरीच्या प्लसला, मग स्वतःच्या प्लसला. काळा स्वतःच्या मायनसला. आणि शेवटचा काळा बॅटरीला न लावता समोरच्या इंजिनाच्या उघड्या लोखंडाला, लांब, कारण ठिणगी उडायची ती हायड्रोजनपासून दूर उडावी. आपली गाडी सुरू करून थोडा वेळ थांबले. मग हात वर केला. सद्गृहस्थांची सात माणसांची गाडी गुरगुरली. त्यांनी काच खाली करून आभार मानायला तोंड उघडलं, तेवढ्यात भाऊ म्हणाले, 'एसी बंद ठेवा. पनवेलपर्यंत गाडी बंद करू नका.'

त्या दिवशी वहीत १२.५ आहे. शेऱ्यात 'दानधर्म'.

तेव्हापासून पावसाळाभर कुणाच्या ना कुणाच्या गाडीसाठी भाऊंना हाक येते आणि कॉम्प्लेक्समधली सर्वांत कमी चाललेली गाडी सर्वांत जास्त गाड्या चालू करते. एक गोष्ट मात्र भाऊ प्रत्येकाला सांगतात, ती तुम्हालाही सांगतो. गाडी महिनाभर उभी राहणार असेल आणि चार्जर नसेल, तर काळी वायर सोडवून ठेवा. सोडवताना काळी आधी, लावताना लाल आधी, नाहीतर पाना बॉडीला टेकला की ठिणगी. एवढं करूनही गाडीने 'टक्' केलं, तर भाऊंचा नंबर आमच्या वॉचमनकडे आहे. फक्त फोनवर 'कसे आहात' विचारू नका.