पखवाजाचा डावा हात

हिंगोली जिल्ह्यात सब-वूफर विकत घेणं हा तसा वायफळ खर्च आहे. एक आमच्या पायाखाली आधीच बसवलेला आहे. वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदे आणि आजूबाजूच्या गावांत जमिनीतून गूढ आवाज येतात, हे पेपरवाल्यांनी एव्हाना राज्यभर पोचवलं आहे. २१ मार्च २०२४ ला सकाळी सहाच्या सुमारास ४.५ तीव्रतेचा धक्का बसला, पाठोपाठ ३.६ चा. १० जुलैला पुन्हा ४.५. अशा मुलखात मी आठ इंची सब-वूफर घरात आणला.

गल्लीनं मोठ्या मनानं जुळवून घेतलं. खूण ठरली. आधी पोटात गुरगुरून मग मांडणीवरचे डबे हलले तर जमीन. खिडकीची काच तालात थरथरली तर मुनीम. मुनीम म्हणजे मी. तेव्हापासून शेजारच्या काकू भजन सुरू झालं की उंबऱ्यावर येऊन उभ्या राहतात, एक पाय आत, एक बाहेर. सम आली की आत जातात. काकूंना एवढी लयकारी कळते हे आम्हाला भूकंपानं दाखवलं.

वूफर हवा होता तो पखवाजासाठी. आमच्या पिढीनं सगळं संगीत सप्ताहातल्या भोंग्यावर ऐकलं. लिंबाच्या झाडाला बांधलेला भोंगा ही फार काटकसरी वस्तू आहे. एका वॅटमध्ये तो शंभर डेसिबलच्या वर ओरडतो, शिवारातल्या शेवटच्या आखाड्यापर्यंत अभंगाचे शब्द पोचवतो. पण खालचे स्वर त्याच्या गळ्यातून उतरतच नाहीत. टाळ ऐकू येतात, बुवांचा खोकला ऐकू येतो, पखवाजाचा उजवा हात टकटक ऐकू येतो. डाव्या पुडीला लावलेली कणीक वाया. भोंगा गेला, मोबाइल आला, तरी डावा हात उपाशीच. नर्सी नामदेव ज्या जिल्ह्यात आहे तिथल्या माणसानं आयुष्यभर अर्धा पखवाज ऐकावा, हे मला पटेना.

खरेदीला नांदेडला गेलो. बरोबर मेव्हणा. मेव्हण्याचं आवाजाचं शास्त्र वरातीतल्या डीजेपुढे तयार झालेलं आहे आणि त्यात एकच एकक आहे, छाती. छातीत बसला तर बेस, नाही तर खर्च वाया. दुकानात शिरल्या शिरल्या त्यानं एका खोक्यावर बोट ठेवलं. त्यावर निळे दिवे होते आणि लिहिलं होतं, १२,००० वॅट पीएमपीओ.

मी खोक्याच्या मागं जाऊन अडॅप्टर पाहिला. बारा व्होल्ट, दोन अँपियर. मुनिमाला गुणाकार चुकवता येत नाही. चोवीस वॅट आत, बारा हजार बाहेर. हे खरं असेल तर सिद्धेश्वर आणि येलदरीच्या धरणांवर पाण्यासाठी भांडण्यात अर्थ नाही. गावोगाव ही खोकी उलटी जोडावीत, भारनियमन संपेल. पीएमपीओ या आकड्याला सर्वमान्य व्याख्याच नाही. क्षणभराचा, कल्पनेतला, सगळ्या स्पीकरांचा मिळून, कंपनीला आवडेल तो. पाहायचा आकडा आरएमएस, म्हणजे सतत देता येणारे वॅट, आणि त्याच्याही आधी पाहायची ती स्पीकरची संवेदनशीलता, म्हणजे एका वॅटला एक मीटरवर किती डेसिबल. घरात साधारण एका वॅटवर भागतं. वॅट दुप्पट केले तर आवाज फक्त तीन डेसिबलनं वाढतो. कानाला दुप्पट वाटायला दहा डेसिबल, म्हणजे दहापट वॅट लागतात.

"मग बारा हजार कामून लिव्हले?" मेव्हण्यानं विचारलं.

"तुमच्यासाठीच लिव्हले, भाऊ," दुकानदार म्हणाला. प्रामाणिक माणूस. त्याच्याकडूनच घेतलं.

घेतली ती जोडी पुस्तकाच्या कप्प्यात मावेल एवढी, आणि खाली वूफरची पेटी. पेटी मात्र चांगली ऐसपैस. लहान पेटी, खोल बेस आणि कमी वॅटमध्ये मोठा आवाज, या तिन्ही गोष्टी निसर्ग एकदम देत नाही. दोन घ्यायच्या, एक सोडायची. घरी बायकोनं पेटी पाहिली आणि यात काय ठेवायचं ते विचारलं. आवाज, म्हणालो. एवढ्यात अर्धा क्विंटल ज्वारी राहिली असती, हे तिचं म्हणणं आजही खोडता येत नाही.

आता मांडणी. शास्त्र सांगतं की दोन स्पीकर आणि ऐकणारा यांचा समभुज त्रिकोण व्हावा. आमच्या बैठकीत भिंतीला टीव्हीचं शोकेस, त्यावर देव्हाऱ्यात न मावलेले देव, समोर दार, दारात चपला. औंढा नागनाथला नामदेवांना देवळाच्या मागं जाऊन कीर्तन करायला लावलं, तेव्हा अख्खं देऊळ त्यांच्याकडे तोंड करून फिरलं, अशी आख्यायिका आहे. मी महिनाभर भजनं लावली. शोकेस वीतभरसुद्धा फिरलं नाही.

मग वूफरचा घोळ. वाढवला की आई भिंतीला लावलेल्या बाजेवरून ओरडायची, "अरे, काळीज हलायलंय, कमी कर." कमी केला की खोलीच्या मधोमध बसलेला मेव्हणा म्हणायचा, "दाजी, चालू तरी हाय का?" दोघंही आपापल्या जागी खरं बोलत होते. खोली बारा फूट लांब. सेकंदाला सत्तेचाळीस कंपनांच्या आसपासची लाट या दोन भिंतींत नेमकी अर्धी मावते. ती भिंतींशी फुगते आणि मधोमध शून्य होते. आईला सगळा बेस, मेव्हण्याला शून्य बेस. एका घरात राहून दोघांना वेगवेगळं संगीत. त्यातून वूफर कोपऱ्यात ठेवला तर तीन बाजूंनी आवाज परत येऊन तो आणखी माजतो.

यावर जगभरचे शौकीन एक उपाय करतात. वूफर उचलून ऐकणाऱ्याच्या जागेवर ठेवायचा, एखादं वाद्य लावायचं आणि आपण भिंतीच्या कडेकडेनं रांगत, कान जमिनीशी नेत, जिथं बेस सगळ्यात सारखा आणि स्वच्छ ऐकू येईल ती जागा शोधायची. तीच वूफरची जागा. मी आईच्या बाजेवर वूफर बसवला, पखवाज लावला आणि रांगायला लागलो. आई दाराशी उभी राहून पाहत होती. पन्नाशीचा मुलगा पखवाजावर घरभर रांगतोय, हे तिनं मुकाट्यानं सोसलं. सोसवलं नाही ते काकूंना. त्या ताल ऐकून आलेल्याच होत्या.

"काय हारपलंय का?"

"बेस बघायलोय, काकू."

काकूही वाकून पलंगाखाली बघू लागल्या. "केवढा होता?"

जागा सापडली ती ज्वारीच्या कणगीमागं. तिथं ठेवला आणि आई-मेव्हण्याची दिलजमाई झाली. कणगीमागं वूफर दिसत नाही याचंही काही बिघडत नाही. साधारण ऐंशी हर्ट्‌झच्या खालचा आवाज कुठून येतोय हे माणसाच्या कानाला नीट उमगतच नाही. सोसायचे राहिले ते पत्रे. मागच्या खोलीवरचा पत्रा अमुक एका स्वराला हमखास साथ द्यायचा, बुवांच्या आधीच. खिळ्यांखाली रबराच्या चकत्या घातल्या तेव्हा तो थांबला. भिंतीवर वाकळा टांगायचा सल्ला मेव्हण्यानं दिला होता. वाकळेनं टाळांचा कर्कशपणा कमी होतो, बेस नाही. तो शोषून घ्यायला जाडी हातभर नव्हे, पुरुषभर लागते. एवढ्या वाकळा टांगल्या तर खोलीत फक्त वाकळाच राहतील.

सगळं जमलं आणि गुणगुण सुरू झाली. संगीत बंद, तरी स्पीकरातून एकच सूर. पन्नास हर्ट्‌झची आपली वीज आणि तिचा वरचा शंभराचा भाऊ. लॅपटॉप चार्जरला लावला की गुणगुण, काढला की गप्प. लॅपटॉपच्या पाठीवरून बोट फिरवलं की झिणझिण्या. वायरमन आला, तारा बघून हसला आणि अंगणात जाऊन म्हणाला, "मुनीम, अर्थिंग कोरडी पडली." मीठ आणि कोळसा भरून पुरलेला खड्डा उन्हाळ्यात वाळला होता. आमची काळी जमीन पावसात लोण्यासारखी, पण वैशाखात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि विजेला जमिनीत उतरायला ओल उरत नाही. त्या दिवसापासून भजनाआधी मी अर्थिंगच्या खड्ड्यात घागरभर पाणी ओततो. टँकर यायच्या वाराला काकू याकडे फार वाईट नजरेनं बघतात. "तुळशीला घाल म्हणावं," असं आईमार्फत कळवलंही आहे.

डॅक नावाच्या वस्तूबद्दल थोडक्यात. हा आकड्यांचा आवाज करणारा कन्व्हर्टर. सीडीवर सेकंदाला ४४,१०० आकडे असतात, प्रत्येक आकडा ६५,५३६ पायऱ्यांपैकी एका पायरीवर बसलेला. डॅक त्यांची पुन्हा सलग लाट करून देतो. तो फोनमध्ये असतो, टीव्हीत असतो, फोनला लावायच्या बोटभर पिनमध्येही असतो. नसता तर फोन मुका राहिला असता. ही वस्तू शेकड्यात मिळते आणि लाखातही. दुकानदारानं दोन प्रकार तपासायला दिले होते. बायकोला म्हटलं, आम्ही डोळे मिटतो, तू अदलाबदल कर. मेव्हण्यानं पहिल्याला "दबका" आणि दुसऱ्याला "मोकळा, भरदार, पुण्यासारखा" असं म्हटलं. बायकोनं नंतर सांगितलं की तिनं काहीच बदललं नव्हतं, मधल्या वेळात भाजी ढवळून आली होती. मेव्हण्यानं मनाला लावून घेऊ नये. अमेरिकेत बोस्टनच्या दोन शौकिनांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या चाचण्यांत, उंची दर्जाचं रेकॉर्डिंग आणि त्याचं सीडीच्या मापात उतरवलेलं रूप लोकांना ओळखायला लावलं होतं. ५५४ प्रयत्नांत बरोबर उत्तरं २७६. नाणं उडवून एवढीच आली असती. आम्ही स्वस्त पिन ठेवून घेतली आणि वाचलेल्या पैशांत अर्थिंग नवी केली. पखवाज सुधारला तो अर्थिंगनं.

खरा कान मात्र आता औंढ्याला येतोय. दुधाळ्याच्या माळावर गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगोची प्रयोगशाळा उभी राहणार आहे. २०२३ च्या एप्रिलमध्ये केंद्रानं २,६०० कोटी रुपये मंजूर केले. काटकोनात चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, त्यांत लेझर, आणि प्रोटॉनच्या रुंदीच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी हालचाल टिपायची. अमेरिकेतल्या अशाच दोन यंत्रांनी १४ सप्टेंबर २०१५ ला सव्वाशे-एक कोटी प्रकाशवर्षांवरच्या दोन कृष्णविवरांची टक्कर टिपली. त्या लहरीची कंपनं पस्तीस हर्ट्‌झपासून चढत अडीचशेपर्यंत गेली, सेकंदाच्या पाचव्या हिश्शात. माणसाच्या कानाच्याच टापूत. शास्त्रज्ञांनी ती स्पीकरवर लावून जगाला ऐकवलीही. फोनच्या स्पीकरवर लावली तर सुरुवातीची गुरगुर गळून शेवटचा चिवचिवाट तेवढा कळतो.

मेव्हणा हे ऐकून हरखला. "म्हंजे आभाळातबी बेसच हाय की!" आणि लगेच त्याला काळजी पडली. "पर दाजी, औंढ्यात वरात निघाली तर?"

लायगोवाले त्यांचे चाळीस किलोचे आरसे काचेच्या धाग्यांवर, लंबकाखाली लंबक असे टांगतात, ते जमिनीची थरथर आरशापर्यंत पोचू नये म्हणून. माझ्या वूफरखाली त्याच कामासाठी जुन्या ट्यूबचे चार तुकडे आहेत. रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, रात्री दहानंतर भोंगा बंद, असं २००० सालचा कायदा सांगतो. तो पाळला तर कृष्णविवरांची सोय होईलच, काकूंचीही होईल.

राहिलं ऑफिस. माझं ऑफिस म्हणजे वसमतच्या मोंढ्यातली हळदीची आडत. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यामुळे आवक वाढली की नाही यावर मोंढ्यात दोन तट आहेत, पण हंगामात कानात बोटं घालायची वेळ येते यावर एकमत आहे. पॉलिशचा ड्रम फिरत असतो, हमाल पोती आपटतात, बीट चालू असतं, डोक्यावर पंखा कटकटतो. इथं मोठा स्पीकर लावणं म्हणजे गोंगाटात गोंगाट मिसळणं. उपाय अंतराचा. लहान जोडी मेजावर, हातभर लांब, तोंड आपल्या कानाकडे. अर्ध्या वॅटमध्ये काम होतं आणि ड्रमवाल्याला पत्ताही लागत नाही. वूफर नको, हळदीची पोती उतरतात तेव्हा फरशीतून भरपूर बेस येतो. जाळीवर मात्र कापड हवं, नाही तर आठवड्यात स्पीकर पिवळे.

हे सगळं मी शेठजींना समजावून सांगितलं. त्रिकोण सांगितला, डावं-उजवं सांगितलं, बुवा मधोमध उभे आहेत असं कसं वाटतं ते लावून दाखवलं. त्यांनी मान डोलावत ऐकलं. मग त्यांनी मेजावरून एक स्पीकर उचलला आणि माझ्या हातात परत दिला.

"दोन कामून आणले? माझ्या एका कानाला दिवसभर फोन असतोय."