पंख्याची साक्ष

घरातला कॉम्प्युटर मधूनच बंद पडून आपोआप पुन्हा सुरू व्हायला लागला, की मराठी कुटुंबात त्याचं निदान पाच मिनिटांत होतं. व्हायरस! आजोबांपासून पाचवीतल्या नातवापर्यंत सगळ्यांचं यावर एकमत. एरवी त्या घरात आमरसात दूध घालावं की नाही, यावरही एकमत होत नाही. कुणी चुकून विजेचं नाव काढलंच, तर सगळी बोटं छताकडे जातात. पंखा फिरतोय की! लाइट गेली असती तर तो थांबला नसता?

पंखा हा या खटल्यातला सर्वांत विश्वासू आणि सर्वांत निरुपयोगी साक्षीदार. वीज क्षणभर गेली तरी तो आधीच्या वेगावर फिरत राहतो. कॉम्प्युटरला ती चैन नाही. त्याचा पॉवर सप्लाय, म्हणजे एसएमपीएस, पूर्ण भारावर असताना विजेविना जेमतेम १६-१७ मिलिसेकंद तग धरतो आणि आपल्या ५० हर्ट्झच्या विजेचं एक आवर्तनच २० मिलिसेकंदांचं. बोर्डातला एखादा स्क्रू सैल असेल, तर दारावरून ट्रक गेला तरी तेवढा खंड पडू शकतो. ट्यूबलाइट तेव्हा डोळा मिचकावते, पण तिच्याकडे पाहतो कोण?

मग कॉम्प्युटरवाला येऊन फॉर्मॅट मारतो. फॉर्मॅटने स्क्रू आवळला जात नाही, म्हणून पुढे रॅम बदलते, मग एसएमपीएस, मग मदरबोर्ड. शेवटी जुनं उरतं ते फक्त भिंतीतलं सॉकेट. त्यात प्लग नीट बसावा म्हणून कागदाची घडी खोचलेली असते, ती मात्र अजून शाबूत.

व्हायरसवरची ही श्रद्धा घरापुरती आहे असंही नाही. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबई, ठाणे, नवी मुंबईचा वीजपुरवठा कोलमडला आणि लोकल जागच्या जागी थांबल्या. मार्च २०२१ मध्ये राज्याच्या तत्कालीन गृहमंत्र्यांनी त्यामागे सायबर घातपाताचा संशय व्यक्त केला. केंद्रीय ऊर्जामंत्री मात्र मानवी चूक म्हणाले. राज्याने अँटिव्हायरस धरला, केंद्राने वायरमन.

घरी तोवर यूपीएस आलेला असतो. त्यावर ६०० व्हीए छापलेलं असतं आणि घरात त्याचा उच्चार ‘सहाशे वॅट’ असा होतो. तो पेलतो साधारण ३६० वॅट, पण त्यावर लेझर प्रिंटरही जोडला जातो. आतली १२ व्होल्टची बॅटरी दोन-तीन वर्षांत थकते. मग लाइट गेल्यावर ती कॉम्प्युटर सांभाळू शकत नाही, शिट्टी वाजवण्यापुरती धुगधुगी मात्र तिच्यात असते. शिट्टी ऐकू आली की घरचे निर्धास्त.

खरी गंमत न्यूट्रल तुटल्यावर. डीपीकडून येणारी ती एक तार सुटली, की वेगवेगळ्या फेजवरची घरं एकमेकांच्या भाराशी बांधली जातात. ज्याने गीझर, इस्त्री सगळं लावलंय त्याचे दिवे मंदावतात. ज्याने काटकसरीने सगळं बंद ठेवून फक्त कॉम्प्युटर चालू ठेवलाय, त्याच्याकडे २३० ऐवजी ३०० च्या वर, कधी ४०० च्या घरातही व्होल्टेज चढतं. गीझरवाल्याला कोमट पाणी मिळतं, काटकसरवाल्याला जळका वास. अशा वेळी स्पाइक गार्डही उपयोगाचा नाही, कारण तो क्षणभराच्या झटक्यासाठी असतो. स्वस्तातल्या कित्येकांत तर तांबड्या दिव्याखेरीज काहीच नसतं.

राहता राहिलं अर्थिंग. तीन पिनांतली वरची जाड पिन ही बहुतेक घरांत शोभेची वस्तू मानली जाते. दोन पिनांचा चार्जर बसेना, तर त्या भोकात पेन खुपसायचं, एवढाच तिचा उपयोग. अर्थिंग नसेल तर एसएमपीएसमधल्या फिल्टरमुळे कॅबिनेटवर पुरवठ्याच्या निम्मं, म्हणजे ११५ च्या आसपास व्होल्टेज येतं. करंट अगदी किरकोळ, पण हात लावला की झिणझिण्या येतात आणि टेस्टर पेटतो. त्यावरचा घरगुती उपाय ठरलेला: कॉम्प्युटरला बसताना स्लिपर घाला.

एखादा जाणता वायरमन सॉकेटचा स्क्रू आवळून चार पैशांत रीस्टार्ट थांबवतो आणि जाता जाता विचारतो, सोसायटीचा अर्थिंगचा खड्डा कुठे आहे? मीठ-कोळशाच्या त्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी घालायचं असतं. प्रश्न सोसायटीच्या सभेत जातो. खड्डा पार्किंगमधल्या पेव्हर ब्लॉकखाली गेला आहे, एवढं शोधून निघतं. त्याच्यावर कुणाची गाडी उभी असते आणि ती नियमाने आहे का, यावर सभा साडेदहापर्यंत चालते. पाण्याचा विषय पुढच्या बैठकीत.