चौथी सुप्रमा

आमच्या त्रिमूर्तीनगरात त्यांना कॅनडावाले काका म्हणतात. काका कॅनडाला कधी गेलेले नाहीत. त्यांच्याकडे पासपोर्टही नाही. ते पाटबंधारे खात्यात आहेत आणि नोकरीतली उमेदीची वर्षं त्यांनी गोसीखुर्दवर काढली. 1983 साली 372 कोटींचा अंदाज असलेला आणि 1988 साली राजीव गांधींच्या हस्ते पायाभरणी झालेला तो प्रकल्प पुढे अठरा हजार कोटींच्या पलीकडे गेला. अशा ठिकाणी घडलेल्या माणसाला मुदत लांबण्याची धास्ती उरत नाही. उलट काम वेळेत संपायला आलं की त्याला काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं.

लेक आठवीत गेली तेव्हा काकांनी योजना हाती घेतली. तिला डॉक्टर करायचं, पण नीट नको. "एकशे ऐंशी प्रश्न, सातशे वीस मार्क, अन् एका दुपारी पोट्टीच्या साऱ्या जिंदगीचा फैसला! हे काय प्लॅनिंग झालं, भाऊ?" एका दुपारी निकाली निघणाऱ्या कुठल्याही गोष्टीवर काकांचा विश्वास नाही. कॅनडात मात्र बारावीनंतर थेट डॉक्टरी नसते. बहुतेक ठिकाणी आधी चार वर्षांची पदवी, मग एमकॅट, मग अर्ज, मुलाखती, मग साधारण चार वर्षं मेडिकल, आणि त्यानंतर फॅमिली डॉक्टर व्हायला आणखी दोन नाहीतर सर्जन व्हायला पाच. दुसरा बाप हे वाचून परत मेडिकल चौकाकडे वळला असता. काकांना माहेरी आल्यासारखं झालं. त्यात एमकॅट 528 गुणांची, आणि सगळं चुकलं तरी 472च्या खाली जाता येत नाही, हे कळल्यावर तर त्यांनी आठ दिवस भेटेल त्याला सांगितलं. "आपल्या इथं सारं चुकलं तर मायनस! तिकडे 472 घ्या अन् घरी जा."

योजनेचा तक्ता लॅमिनेट होऊन गजानन महाराजांच्या फोटोशेजारी लागला. रकाने चार: काम, कालावधी, अंदाजित खर्च, शेरा. टोरांटोत परदेशी विद्यार्थ्याची फी वर्षाला साठ हजार कॅनेडियन डॉलरच्या घरात जाते. ती रुपयांत लिहिताना काकांनी मुद्दाम पेन्सिल वापरली. तक्त्यातल्या प्रत्येक बदलाला सुप्रमा म्हणायचं, म्हणजे सुधारित प्रशासकीय मान्यता. मान्यता द्यायच्या काकूंनी. त्या कणीक मळता मळता "हं" म्हणतात आणि काका ते "हं" तारखेसह नोंदवतात.

पहिली सुप्रमा लवकरच आली. तिथली बहुतेक मेडिकल कॉलेजं नागरिकांना नाहीतर पीआरवाल्यांनाच घेतात. परदेशी पोरांना दार उघडं ठेवणारी मोजकीच. मग पदवीनंतर तीन वर्षांचा वर्क परमिट, नोकरी, पीआर आणि त्यानंतर मेडिकल असा फाटा निघाला. तक्ता पस्तिशीपर्यंत पोचला. "अन् लग्न?" काकूंनी विचारलं. काकांनी शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, "समांतर काम." वर काकूंना आनंदीबाई जोशींचं उदाहरण दिलं, 1883 साली एकटी बाई समुद्र ओलांडून गेली म्हणून. काकू म्हणाल्या, "ती 1886 मध्ये डॉक्टर होऊन परतली पण."

दुसरी सुप्रमा 2024च्या दिवाळीच्या तोंडावर. काकू चकल्या तळत असताना ओंटारियो सरकारने जाहीर केलं की 2026च्या प्रवेशांपासून मेडिकलच्या निदान 95 टक्के जागा आपल्याच प्रांतातल्या मुलांना, उरलेल्या बाकी कॅनडाला, परदेशी विद्यार्थ्यांना एकही नाही. आता काका खचतील असं आम्हाला वाटलं. ते फराळाला आले तेच कॅनडाचा नकाशा घेऊन. "पीआर झाल्यावर पोट्टी परदेशी कुठं राहते? आधी प्रांतात राहावं लागते फक्त. दोन-तीन वर्षं वाढतील." दोन-तीन वर्षं हे त्यांनी शेवेच्या दुसऱ्या वाढीसारखं सहज म्हटलं.

खरा कळस तिसऱ्या सुप्रमेत. ओंटारियोच्या अर्जात विद्यार्थ्याने वयाच्या 16व्या वर्षापासून काय काय उद्योग केले त्यांची यादी मागतात, आणि प्रत्येक कामाला साक्षीदार, त्याच्या संपर्काच्या तपशिलासह. लेक तेव्हा पंधराची. धुणंभांडी करणाऱ्या बाईंच्या मुलाला ती पाढे शिकवायची. काकांनी तातडीने काम बंद पाडलं. "वाढदिवसापर्यंत थांब. आत्ताची समाजसेवा वाया जाते." पोराचे पाढे तेरावर अडकले ते अडकलेच. सोळावा वाढदिवस झाल्याच्या दुसऱ्या दिवशी मात्र सेवेला असा पूर आला की वस्तीत सेवा करून घ्यायला माणसं कमी पडू लागली. लेक एका आजोबांना पेपर वाचून दाखवी. ती उठली की काका आत शिरत आणि आजोबांकडे मोबाइल नंबर अन् ईमेल मागत. आजोबांनी बँकेच्या सूचना नीट वाचलेल्या. त्यांनी ओटीपी द्यायला साफ नकार दिला आणि दुसऱ्या दिवसापासून दाराला आतून कडी घातली. गणपती मंडळाच्या खजिनदाराला काकांनी स्वतः ईमेल उघडून दिला. पासवर्ड काकांकडेच आहे.

लेक हे सगळं शांतपणे करत होती. अकरावीला तिला नुसता बी ग्रुप मिळाला नाही. तिकडच्या लाइफ सायन्सला बारावीचं कॅल्क्युलस लागतं म्हणून गणितासकट एबी ग्रुप बोकांडी बसला. तोही तिने घेतला. फक्त रोज संध्याकाळी ती मागच्या गल्लीत जाई, लंगड्या कुत्र्याची पट्टी बदली, गवळ्याच्या म्हशीच्या शिंगाला हळद लावी. या कामाची तक्त्यात नोंद नव्हती, कारण तिने ती करू दिली नव्हती.

मागच्या महिन्यात जेवताना ती म्हणाली, "बाबा, मला जनावरांची डॉक्टर व्हायचं आहे. सेमिनरी हिल्सला कॉलेज आहे ना, 1958पासून आहे. स्कूटीने जाईन."

"त्याला काय लागते?"

"नीट."

काका दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत. तक्ता भिंतीवरून उतरला. काकूंनी त्या जागी कॅलेंडर लावून घेतलं आणि गवळ्याला दूध अर्धा लिटर वाढवायला सांगितलं, कशाच्या आनंदात ते बोलल्या नाहीत.

तिसऱ्या दिवशी तर्री पोह्याच्या ठेल्यावर काकांनी मला गाठलं. काखेत नवीन गुंडाळी, चेहरा फुललेला. "भाऊ, ग्वेल्फ! ओंटारियो व्हेटर्नरी कॉलेज. 1862चं आहे, आपल्या सेमिनरी हिल्सच्या किती आधीचं! अन् तिथंही डायरेक्ट नाही घेत बरं का. आधी दोन वर्षं तरी युनिव्हर्सिटीत दुसरं शिकावं लागते!"

"पोरगी काय म्हणते?"

"तिला अजून सांगितलं नाही. आधी सुप्रमा होऊ द्या." त्यांनी माझ्या प्लेटवर आणखी तर्री ओतायला सांगितली आणि आवाज खाली आणला. "तुमच्या ओळखीत कोणाकडे गायी आहेत काय हो, हिंगण्याकडे वगैरे? दोन-चार असल्या तरी चालते. पण मालक ईमेलवाला पाहिजे."